वाढत्या अंगाचा खेळ

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत लेकरांना मोबाईलपासून लांब कसं ठेवायचं यावर अर्धं पान आलं होतं ते वाचलं. बागकाम करा, पक्षी बघा, सायकल चालवा. लिहिणाऱ्यानं एकदा मे महिन्यात आमच्या परभणी जिल्ह्यात यावं आणि दुपारी दोन वाजता कोणता पक्षी दिसतो ते मला पण दाखवावं. अकरा वाजले की रस्त्यावर कुत्रं पण नसतं, सहापर्यंत लेकरं घरातच, आणि घरात म्हणजे मोबाईलच, दुसरं काय. म्हणून म्हटलं आमच्या घरात जे चालू आहे ते कळवावं, पटलं तर छापा, मोठं झालं तर कापा.

माझं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. दुपारी शटर अर्धं ओढून दोन-तीन तास घरी असतो. थोरली आता चौथीत जायलीय, धाकटा पाच वर्षाचा. मागच्या दिवाळीला पुण्याहून लेकरांचा काका एक भला मोठा डबा घेऊन आला, हिरोक्वेस्ट नावाचा खेळ. डब्यावर तलवारी, राक्षस, आग, सगळं एकदम भारी, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात १४+. ते मी वाचलं आणि डबा उचलून कपाटावर ठेवला. जानेवारीत बायको झाडझूड करताना म्हणाली, हे काय धाकटा चौदाचा होईपर्यंत नऊ वर्षं इथंच धूळ खात ठेवायचं का? मला काय उत्तर देता आलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा काही नवा खेळ नाही. १९८९ ला मिल्टन ब्रॅडली आणि गेम्स वर्कशॉप या दोन कंपन्यांनी मिळून काढला, स्टीफन बेकर नावाच्या माणसानं तयार केलेला, मधी बरीच वर्षं बंद होता आणि २०२१ ला परत आला. या सगळ्याचा आजोबा म्हणजे १९७४ चा डंजन्स अँड ड्रॅगन्स, पण त्याची पुस्तकं बघून मलाच घाम फुटला म्हणून तो विषय सोडा. हिरोक्वेस्टमध्ये एक मोठा पट असतो, त्याच्यावर खोल्या आणि बोळी आखलेल्या, चौघं हिरो, आणि एक जण राक्षसांच्या बाजूनं बसतो. गंमत अशी की पट सुरुवातीला रिकामा असतो. खोलीत काय आहे हे फक्त राक्षसवाल्याच्या पुस्तकात लिहिलेलं. हिरोनं दार उघडलं की मग तो एकेक वस्तू मांडतो, टेबल, पुस्तकाचं कपाट, पेटी, आणि मागं उभं असलेलं हिरवं काहीतरी. अशा चौदा मोहिमा पुस्तकात दिल्यात.

पहिल्या दिवशी माझी पार फजिती झाली. मी नियमाचं पुस्तक घेऊन बसलो, इंग्रजीत, मोठ्यानं वाचायलो आणि मराठीत सांगायलो, अर्धा तास झाला तरी माझं चालूच. धाकट्यानं तोवर दोन राक्षस घेऊन त्यांचं लग्न लावलं होतं आणि थोरली म्हणाली पप्पा हा खेळ आहे का पेपर आहे. डबा बंद.

दुसऱ्यांदा बसलो तेव्हा पुस्तक माझ्या मांडीखाली ठेवलं. लाईट गेलेली होती, इन्व्हर्टरवर एकच बल्ब, सतरंजीवर पट मांडला आणि निस्तं एवढंच म्हणालो की तुम्ही दोघं एका अंधाऱ्या तळघरात आहात, समोर दार आहे, पलीकडून कोणीतरी घोरायलंय, काय करता? धाकटा म्हणाला, दार वाजवू. थोरली म्हणाली, वाजवू नको येड्या, जागं होईल. पाच मिनिटं त्यांची त्या दारावरून भांडणं चालली आणि मला तेव्हाच कळलं की खेळ सुरू झाला, फासा तर अजून कोणी हातात पण घेतला नव्हता.

आता मुद्द्याचं. आपण शाळेचा ड्रेस घेताना काय करतो? वाढत्या अंगाचा घेतो आणि खाली दुमड घालतो. लेकरू वाढलं की दुमड उसवायची. या खेळाला मी तेच केलं. डब्यावरचं वय बघून लोक एकतर खेळ घेतच नाहीत नाहीतर सगळे नियम पहिल्याच दिवशी लेकराच्या डोक्यावर ओततात, दोन्ही चूक. आम्ही पहिला महिना चालणं, दार उघडणं आणि मारामारी एवढंच ठेवलं. सापळे नाहीत, सोन्यानं हत्यारं विकत घेणं नाही, मनाचे गुण म्हणून एक भानगड आहे ती तर अजून काढलेली नाही. पुस्तकातली पहिलीच मोहीम लहान लेकरांसाठी लई अवघड आहे, तिच्यात गार्गोईल नावाचा दगडाचा राक्षस बसवलाय, तिला हात लावला नाही, मीच तीन खोल्यांची एक छोटी मोहीम केली. मार्चमध्ये सापळे सोडले, एप्रिलमध्ये खेळातलं हत्यारांचं दुकान उघडलं. थोरलीची दुमड आता निम्मी उसवलीय, धाकट्याची आहे तशीच, आणि एकाच पटावर दोघांचे नियम वेगळे असले तरी काही बिघडत नाही. हे मला कोणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं.

जादूच्या इंग्रजी कार्डांवर बायकोनं मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या, तिचं अक्षर चांगलंय. आगीचा गोळा, भिंतीतून पार, दगडाची कातडी, झोप. हिरोंची नावं लेकरांनीच बदलली. बार्बेरियन झाला पैलवान, ड्वार्फ झाला बुटकोबा, एल्फ म्हणजे कानवाली आणि जादूगार तो जादूगारच. धाकटा अर्थातच पैलवान, कारण त्याला मारायला तीन फासे मिळतात आणि जीव आठ. जीव मोजायला आम्ही चिंचोके घेतले. आठ चिंचोके पैलवानापुढं, जादूगारापुढं चारच, मार लागला की एक चिंचोका माझ्या वाटीत टाकायचा. या चिंचोक्यांनी धाकट्याला जी वजाबाकी आली ती बालवाडीच्या वहीतून आलेली नव्हती. आणि चोरी पण आली, ते पण लिहितो. एका दिवशी पैलवान मरतच नाही म्हणून बघतो तर साहेबांनी आज्जीच्या बरणीतून मूठभर चिंचोके चड्डीच्या खिशात भरून आणलेले. थोरली ओरडायली, पप्पा हा चिटिंग करायलाय! मी म्हणालो पैलवानाला जादूची झोळी सापडली असं समजू, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं. परत बसलो तेव्हा आधी खिसे तपासले.

मारामारीचे फासे वेगळे असतात, आकडे नसतात त्यांच्यावर. तीन बाजूंना कवट्या, दोन बाजूंना पांढरी ढाल, एका बाजूला काळी. कवटी पडली की मार बसतो, हिरोला पांढरी ढाल वाचवते, राक्षसाला काळी. मी हे काही समजावून सांगितलं नव्हतं. आठेक दिवसांनी थोरलीनं फासा हातात घेऊन उलटापालटा केला, बोटानं मोजलं आणि म्हणाली, पप्पा आपल्या ढाली दोन आहेत, त्यांची एकच, म्हणून ते लवकर मरतात, आणि कवट्या तर अर्ध्या आहेत. सहापैकी तीन म्हणजे अर्धे, सहापैकी दोन, सहापैकी एक. अपूर्णांक आले की रडणारी पोरगी ही. मी तोंडातून शब्द काढला नाही, गणित आहे असं म्हणालो असतो तर फासा तिथंच ठेवून उठली असती.

मरणाचा प्रश्न मात्र लवकर आला. तिसऱ्या का चौथ्या खेळात पैलवानाचे सगळे चिंचोके संपले. नियमानं हिरो मेला. धाकटं जे रडायला लागलं ते थांबेना, वरची काकू विचारायला आली पडला की काय. मग आम्ही घरचा कायदा केला की आमच्यात कोणी मरत नाही, चक्कर येते. चक्कर आली की दुसऱ्या हिरोनं शेजारच्या चौकटीत येऊन त्याला पाजायचं. काय पाजायचं? डब्यात त्याला हीलिंग पोशन म्हणतात, पण मेडिकलवाल्याचं लेकरू, थोरली म्हणाली ओआरएस पाज ना. तेव्हापासून आमच्या तळघरात राक्षसांच्या पेटीत ओआरएसचे पाकीट सापडतात. अजून एक बदल झाला तो आपोआप झाला. आधी धाकटा एकटाच पुढं पळायचा, आता मागं वळून बघतो की कानवाली जवळ आहे का, कारण चक्कर आली तर पाजणार कोण. सापशिडीत ताई हरली की नाचणारं पोरगं आहे ते. इथं हरले तर दोघंही हरतात आणि शिव्या मला बसतात, तेवढं मी सहन करतो.

भीतीचं विचाराल तर ती पण वाटली, खोटं कशाला बोलू. डब्यात एक ममी आहे, पट्ट्या गुंडाळलेली. धाकटा एका रात्री दीड वाजता उठून बसला की ती पलंगाखाली आहे. बायको मला म्हणाली, आणा अजून खेळ. दुसऱ्या दिवशी बिस्किटाचा रिकामा डबा आणला, ममी त्यात टाकली आणि झाकण लावायचं काम धाकट्यालाच दिलं. रोज झोपताना तो स्वतः झाकण दाबतो, वर उशी ठेवतो आणि मस्त झोपतो. पंधरा दिवसांनी स्वतःच म्हणाला काढ तिला, आज तिला मारू. प्रत्येकाचं लेकरू असं करेल असं मी म्हणत नाही, ज्याचं लेकरू फारच हळवं आहे त्यानं ममी-सांगाडे डब्यातच राहू द्यावे, खेळ त्यांच्यावाचून अडत नाही. पण आपण लहान होतो तेव्हा माळवदावर झोपताना राक्षसाचा जीव सात समुद्रापलीकडच्या पोपटात आहे हे ऐकूनच झोपलो ना. शेतातून येताना चकवा लागला की माणूस रात्रभर एकाच बांधाला फिरतो हे मला माझ्या चुलत्यानं ऐन अमावस्येला सांगितलेलं. त्यापुढं ही प्लास्टिकची ममी म्हणजे काहीच नाही.

आईचा विरोध वेगळ्याच कारणानं होता. घरात फासे नकोत म्हणाली, फाशांनी पांडवांचं काय झालं माहीत नाही का. मी वाद घातला नाही. फेब्रुवारीत एका लग्नाच्या निमित्तानं संभाजीनगरला गेलो होतो तेव्हा वेरूळला नेलं. तिथं एकवीस नंबरच्या लेण्यात, रामेश्वर म्हणतात त्याला, शंकर-पार्वती फासे खेळायला बसलेत असं शिल्प आहे, एकोणतीस नंबरमध्ये पण आहे. आई बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, देवाला काय, त्याला दुकान चालवायचं नसतं. पण परत आल्यावर तिच्याच तोंडून निघालं की लहानपणी ती आणि तिच्या बहिणी ओसरीवर खडूनं घरं आखून चल्लस-आठ खेळायच्या, चार चिंचोके फोडून अर्धे केलेले, सगळे पांढरे पडले की चल्लस. म्हणजे फासे घरात होतेच! आता ती आमच्यात जादूगार आहे. झोप ही तिची आवडती चिठ्ठी, राक्षसाला झोपवताना खरंच थोपटते. भिंतीतून पार ही चिठ्ठी वापरून सरळ खजिन्यावर जाते आणि बाकीचे लढत बसतात, वय झालं तरी हिशोब पक्का.

आणि हे काही बाहेरचं खूळ आहे असं कोणी म्हणत असेल तर मोक्षपट कोणाचा? ज्ञानेश्वर माउलींनी तो केला असं आपल्याकडं मानतात, आणि माउलींचं आपेगाव इथंच, पैठणजवळ, गोदेच्या काठी. सद्गुणाच्या शिड्या, दुर्गुणाचे साप. तो इंग्रजांनी त्यांच्याकडं नेला आणि होता होता त्याची निस्ती सापशिडी उरली. मला सापशिडीचं एकच पटत नाही, की त्याच्यात लेकराला काही ठरवायचंच नसतं. फासा पडला, चाल, साप आला, खाली. लेकराच्या जागी मांजर बसवलं तरी तोच निकाल. या मोहिमेच्या खेळात प्रत्येक वेळी ठरवावं लागतं, दार उघडू का आधी ही खोली धुंडाळू, ओआरएस आता पाजू का पुढच्या खोलीसाठी ठेवू. खजिना शोधला तर सोनं निघेल नाहीतर भटका राक्षस पण अंगावर येईल, कार्डात दोन्ही आहे. पाच वर्षाचं पोरगं गालाला बोट लावून विचार करायलंय हे बघायला मी दुपारची झोप सोडली.

माझ्यासारखं कापाकापी करायला वेळ नसेल तर लहानांसाठीच केलेले खेळ पण आहेत. माय फर्स्ट कॅसल पॅनिक म्हणून एक आहे, चार वर्षापासून, वाचता यायची गरज नाही, रंग आणि आकार जुळवून किल्ल्याकडं येणारे राक्षस अडवायचे, सगळे मिळून. थोड्या मोठ्यांसाठी माइस अँड मिस्टिक्स, २०१२ चा, जेरी हॉथॉर्न या माणसाचा, त्यात राजपुत्र आणि त्याचे सोबती कैदेतून सुटायला उंदीर होतात आणि झुरळ-कोळ्यांशी लढतात, वाड्यातली मांजर म्हणजे तर साक्षात यमच. पुण्यात भावाकडं खेळलो, गोष्ट चांगली आहे पण लांबते, धाकटा मधीच झोपला. तीन वर्षाखालचं लेकरू घरात असेल तर मात्र जपून, माझ्या भाचीनं एक गोब्लिन, म्हणजे छोट्या राक्षसाची सोंगटी, तोंडात घातला होता, वेळेवर दिसला म्हणून बरं. आणि स्वस्तात मिळतो म्हणून कुठल्याही साईटवरून मागवू नका, माझ्या मित्रानं मागवला तर डुप्लिकेट आला, फाशावर कवट्यांच्या जागी काळे डाग.

आता अडचण पैशाची. हे डबे हजारांच्या घरात जातात, आम्हाला काकानं दिला म्हणून मिळाला, नाहीतर मी पण घेतला नसता. म्हणून या पत्रातली एकच मागणी लिहितो. आपल्याकडं १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अ, ब, क, ड वर्गाची वाचनालयं गावोगाव आहेत, त्यातल्या कितीतरी ठिकाणी दुपारी पंखा, टेबल आणि पेपर वाचणारे चार म्हातारे एवढंच असतं. बालविभागात दोन खेळ ठेवा. घरी द्यायचे नाहीत, तिथंच बसून खेळायचे, सोंगट्या मोजून द्यायच्या आणि मोजून घ्यायच्या. ग्रंथपालांना त्रास होईल हे मान्य, पण सुट्टीत कॉलेजची दोन पोरं राक्षसवाले म्हणून बसवली तर चहावर काम होईल. सरकारनं पण २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षाच्या लेकरांसाठी जादुई पिटारा काढलाच ना, खेळणी, कोडी, गोष्टी भरलेला. म्हणजे खेळातून शिकतात हे वरच्यांनाही पटलंय, आता ते आमच्या गल्लीपर्यंत यायचं राहिलंय.

आणि ज्यांना वाचनालय पण लांब, त्यांनी चौकटीची वही घ्या. एक रुपया खर्च नाही. आमच्या घरात सध्या जी मोहीम चालू आहे ती डब्यातली नाहीच, थोरलीनं वहीवर काढलेली देवगिरीची आहे. भिल्लम यादवानं ११८७ ला वसवलेली देवगिरी, दगडात कोरलेला खंदक, आणि ती अंधारी. ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको, वळणावळणाची काळोखी वाट, वरून वटवाघळं, आणि गाईड सांगतात की शत्रू उजेड बघून ज्या बाजूला वळायचा तिकडून तो थेट खंदकात. एवढा तयार सापळा परदेशी डब्यात पण नाही! फेब्रुवारीत वेरूळहून येताना आम्ही तिथं थांबलो होतो, थोरलीनं मोबाईलची बॅटरी लावून वळणं मोजली आणि तेच वहीत उतरवलं. राक्षस म्हणून मधल्या वळणावर चकवा ठेवलाय, तो मारत नाही, निस्तं तुमची दिशा बदलतो, फासा टाकून जे येईल तिकडं तोंड. ही तिचीच आयडिया. खेळायला चार बटणं, आज्जीचे चिंचोके आणि लुडोचा फासा. पैलवान म्हणजे माझ्या जुन्या शर्टाचं मोठं बटण.

मोबाईल सुटला का असं विचाराल तर पूर्ण नाही सुटला. धाकटा जेवताना अजून कार्टून मागतो आणि दुकानात गर्दी असली की मी पण देतो. पण दुपारी दोनला आता तो मोबाईल मागायच्या आधी बिस्किटाचा डबा हलवून बघतो, ममी आत आहे का.

नकाशात एक वळण चुकलंय असं थोरलीला आठ दिवसापासून वाटायलंय, झोपेत पण तेच. म्हणून येत्या रविवारी मेडिकल बंद ठेवून सकाळच्या गाडीनं परत देवगिरीला जायलो आहोत, यावेळी मोठी बॅटरी, चौकटीची वही आणि चार पाकीट ओआरएस घेऊन.

आपला,
एक मेडिकलवाला वाचक, जि. परभणी